रकान्यात ‘हो’

नेमबाज मंडळाच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. एरवी बक्षीस समारंभालाही निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या, पण सरकारनं नवा नियम काढला होता आणि प्रत्येकाला आपल्या परवान्याची काळजी लागली होती. यापुढे बंदुकीचा परवाना नवा करून घ्यायचा तर डॉक्टरांचा दाखला लागणार होता. नुसती नजर आणि रक्तदाब बघून भागणार नव्हतं. गेल्या काही वर्षांत मनाच्या आजारावर उपचार घेतलेत का, औषधं घेतलीत का, असे रकाने फॉर्ममध्ये होते आणि खाली डॉक्टरांच्या सहीला जागा होती.

मंडळाचे सेक्रेटरी तो फॉर्म हातात धरून माइकसमोर उभे होते. उभी हयात विमा कंपनीत गेलेला माणूस. फॉर्म भरण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

“घाबरायचं काही कारण नाही,” ते म्हणाले. “पहिला रकाना, नाही. दुसरा, नाही. तिसरा, नाही. चौथ्यात चष्मा आहे का विचारलंय. तिथं मात्र खरं लिहा, कारण तो नाकावर दिसतो.”

हॉल खो खो हसला.

“आणि उत्तर ‘हो’ असेल तर?” मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

माना वळल्या. नेमाताई होती. तिचं खरं नाव वेगळं, पण नेम असा बसायचा की लोकांनी हेच नाव लावलं आणि ते चिकटलं. पुढं पुढं तर बँकेतला कारकूनही तिला नेमाताईच म्हणायला लागला. पालथं पडून लांबच्या टार्गेटवर रायफल मारायच्या प्रकारात तिच्या तोडीचं माणूस मंडळात नव्हतं. मंडळाच्या कपाटातले निम्मे कप तिनं आणलेले होते. बाकी ती काही फार मोठी बाई नव्हती. नणंदेबरोबर लाँड्री चालवायची, आणि समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या अंगावरचे शर्ट तिच्याच इस्त्रीखालून गेलेले होते.

“तुमचं कसलं आलंय ‘हो’?” सेक्रेटरी हसत म्हणाले. “तुमचा हात बघून डॉक्टरच म्हणतील, मला शिकवा.”

“गोळ्या घेतल्यात का असं विचारलंय ना? मी घेतल्यात. बंदुकीतल्या नव्हे, बाटलीतल्या.”

या वेळी कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एकानं उगाच घसा साफ केला. सेक्रेटरींनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, “ताई, ते आपण नंतर बोलू.”

नंतर ते बोललेच. हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी तिला जिन्यापाशी गाठलं.

“कोण बघणार आहे? मनाचा दवाखाना गावाच्या त्या टोकाला. तुम्ही ‘नाही’ लिहिलंत तर कुणाच्या बापाला कळणार नाही. ‘हो’ लिहिलंत तर परवाना गेलाच समजा.”

“गेला तर गेला. खोटं लिहून ठेवलेली बंदूक मला घरात नको.”

“अहो, मंडळ सगळ्यांना हेच सांगतंय.”

“तेच तर,” नेमाताई म्हणाली आणि जिना उतरून गेली.

या गोळ्यांची गोष्ट तिनं घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी तिचा नवरा लाँड्रीच्या व्हॅनमध्ये हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे चढवता चढवता फुटपाथवर बसला तो पुन्हा उठलाच नाही. लोक आले, बसले, गेले. दुकान पुन्हा उघडलं. सगळ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे. ती काम करत होती हे खरं. पण इस्त्री हातात घेऊन उभी राहायची आणि कापड करपल्याचा वास आला की मगच भानावर यायची. खाणं मातीसारखं लागायचं. माणसं बोलत ते ऐकू यायचं, पण बंद खोलीतून यावं तसं.

मग एक दुपार आली. दुकान जेवणासाठी बंद होतं. ती माडीवर गेली, कपाटाचं कुलूप काढलं आणि रायफल मांडीवर घेऊन खाटेवर बसली. साफ करायला नव्हे. किती वेळ गेला कोण जाणे. वन्सं चहा घेऊन वर आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, तोंडानं फटकळ, आणि भावावर त्यांचा जीव होता. दारातूनच त्यांनी काय ते ओळखलं. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. कप खाली ठेवला, उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, खरं सांगा. काय चाललंय तुमच्या मनात?”

नेमाताईनं खरं सांगितलं. तोपर्यंत तिला तसं कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं रायफल उचलून मंडळाच्या तिजोरीत नेऊन ठेवली. “घरी जागा नाही,” एवढंच सेक्रेटरींना सांगितलं, आणि त्यांनी चौकशी न करता किल्ली फिरवली. तिथून वन्सं तिला मनाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथले म्हातारे डॉक्टर हळू बोलायचे आणि उत्तराची वाट बघायचे. बराच काळ गोळ्या चालल्या, मग कमी झाल्या, मग थांबल्या. पुढं त्याच डॉक्टरांनी एक दिवस विचारलं, “टार्गेट कधी मारणार?” आणि ती पुन्हा रेंजवर गेली. आधी बरेच दिवस रायफल मंडळातच ठेवून, मग घरी आणून.

तर असं होतं तिचं ‘हो’. ते तिनं रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि फॉर्म घेऊन गल्लीतल्या डॉक्टरीण बाईंकडे गेली. दाखला ज्याच्या त्याच्या भागातल्या डॉक्टरांनीच द्यायचा असा नियम होता.

डॉक्टरीण बाई तरुण होती, चांगली होती, आणि बाहेर बाकड्यावर खोकणाऱ्यांची रांग होती. फॉर्म वाचता वाचता तिनं पेनचं टोपण परत लावलं.

“मला यातलं फारसं कळत नाही हो. मी तापा-खोकल्याची डॉक्टर. मी सही केली आणि उद्या काही झालं तर पेपरात माझं नाव येणार.”

“मग आता तपासा ना मला. विचारा.”

“काय विचारू?”

“झोप लागते का विचारा. एकटी असते तेव्हा डोक्यात काय येतं विचारा. रायफलीकडं बघून काय वाटतं ते विचारा. नाहीतर माझ्या दवाखान्यात फोन करा, तिथल्या डॉक्टरांना माझी नस न् नस माहीत आहे.”

“फॉर्ममध्ये तशी जागा नाहीये.” डॉक्टरीण बाईनं दाराकडं बघितलं. “मी ‘मत देता येत नाही’ असं लिहिते. म्हणजे तुमच्या विरुद्ध काहीच नाही.”

विरुद्ध काही नसलेल्या त्या चार शब्दांनी काम तमाम केलं. परवाना कार्यालयातल्या साहेबांनी फाइल उघडली, मिटली आणि म्हणाले, “मत नाही म्हणजे नाही.” आठवडा उलटायच्या आत दोन पोलीस लाँड्रीत आले. गिऱ्हाइकं काउंटरपाशी उभी होती. पोलिसांनाच जास्त अवघडल्यासारखं झालं होतं. त्यातल्या एकाची वर्दी कालच इथून धुऊन गेलेली. रस्त्यानं उघडी रायफल कशी न्यायची म्हणून त्यानं शेल्फवरची एक पांढरी चादर घेतली आणि तिच्यात ती गुंडाळली.

“पावती द्या,” वन्सं म्हणाल्या.

“रायफलीची देतो की.”

“चादरीचीही द्या. हॉटेलची आहे ती. परत आली नाही तर मी स्टेशनात येऊन तुमच्या साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून आणीन.”

गिऱ्हाइकं हसली. नेमाताई हसली नाही. पोलीस गेल्यावर तिनं अर्धवट राहिलेला शर्ट पूर्ण केला, हँगरला लावला, आणि मगच आत जाऊन तोंड धुतलं. “एवढंच सांगते,” ती आरशाकडं बघत म्हणाली, “आता मी यांना सोडत नाही.”

मंडळात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि मंडळाकडून ती राजधानीतल्या महासंघाकडं गेली. महासंघ म्हणजे देशातल्या सगळ्या नेमबाज मंडळांची शिखर संस्था. तिकडून एक गृहस्थ सेक्रेटरींना बरोबर घेऊन लाँड्रीत हजर झाले. त्यांचा कोट इतका उंची होता की वन्संनी आधी बाहीचं कापड बोटांनी चाचपून बघितलं आणि मग नमस्कार केला. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव ‘कोट’ पडलं.

“तुमच्यावर घोर अन्याय झालाय,” कोट म्हणाले.

“झालाय,” नेमाताई म्हणाली.

“आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. ही तपासणीच मुळात मोडून काढायची.”

“मोडायची नाही. नीट करायची. विचारणं बरोबरच आहे. उत्तर ऐकून पळ काढतात, ते चूक आहे.”

कोट समजुतीनं हसले. “बरोबर, बरोबर,” ते म्हणाले, आणि यातला एक शब्दही त्यांच्या कानात शिरला नाही हे नेमाताईला कळलं. जाताना सेक्रेटरी म्हणाले, “तेवढा कप घेतलेला जुना फोटो मंडळात आहेच,” तेव्हा ते कशासाठी हे मात्र तिला कळलं नाही.

ते पुढच्या आठवड्यात कळलं. दुकानासमोरच्या बसथांब्यावर पोस्टर लागलं होतं. त्यावर हातात कप घेतलेली नेमाताई होती आणि डोक्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘ही बाई वेडी दिसते का?’ खाली बारीक अक्षरात, तपासणीचा कायदा रद्द करा, जाहीर सभेला या.

बसची वाट बघणारा एक माणूस आधी पोस्टरकडं आणि मग दुकानातल्या नेमाताईकडं बघून ताडून पाहत होता.

वन्संनी बादली आणि उलथनं घेतलं. “मी आत्ता काढून टाकते. यांच्या तर…”

“राहू दे, वन्सं.”

“राहू दे? अहो, तुमच्या डोक्यावर ‘वेडी’ लिहिलंय!”

“प्रश्न विचारलाय ना त्यांनी? मग उत्तर देऊ की. सभेला बोलावलंय मला, दोन शब्द बोलायला.” नेमाताईच्या आवाजात अशी धार होती की वन्संनी बादली खाली ठेवली.

सभा गावातल्या नाट्यगृहात भरली. व्यासपीठावर मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कोट होते. सरकारची बाजू मांडायला परवाना कार्यालयातल्या साहेबांनाही बोलावलं होतं, आणि ते बिचारे मोठ्या जनावरांच्या पिंजऱ्यात चुकून शिरल्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले होते. कोटांनी अर्धा तास टाळ्या घेतल्या. मग म्हणाले, “आता ज्यांच्यावर हा घाला पडला, त्या आपल्या ताई.”

नेमाताई माइकपाशी आली. भाषण करायची सवय नव्हती. टार्गेटसमोर धरायची तसा तिनं श्वास अर्धा सोडून धरला.

“पोस्टरवर विचारलंय, ही बाई वेडी दिसते का,” ती म्हणाली. “तर ऐका. आजार दिसत नसतो. मी आजारी होते तेव्हाही अशीच दिसत होते. तुमच्या शर्टांना इस्त्री करत होते. कॉलर कडक झाली नाही अशी तक्रार तुमच्यातल्या एकानंही केली नाही.”

हशा झाला. तो विरायच्या आत ती पुढं बोलली.

“एका दुपारी मी रायफल मांडीवर घेऊन बसले होते. साफ करायला नाही.”

तिनं माइक जवळ ओढला.

“त्या वेळी मला सरकारनं विचारलं नाही, बाई, तुझं बरं आहे ना. या मंडळानंही विचारलं नाही. मी रायफल आणून टाकली तेव्हा, घरी जागा नाही म्हटल्यावर, यांनी किल्ली फिरवली. लांबीनं काठीएवढी ती रायफल, तिला घरात जागा नाही? माझ्या नणंदेनं विचारलं म्हणून मी इथं उभी आहे. म्हणून सांगते, विचारलं पाहिजे. तपासणी पाहिजे. मंडळानं गेल्या महिन्यात याच लोकांना बसवून सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहायला शिकवलं. हे मला मान्य नाही, आणि माझा फोटो त्याच्यासाठी वापरायचा नाही.”

सेक्रेटरींचा चेहरा पडला. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र हसू यायला लागलं होतं. नेमाताई त्यांच्याकडं वळली.

“आणि साहेब, तुम्ही हसू नका. मी स्वतः बंदूक बाहेर ठेवली, स्वतः दवाखान्यात गेले, बरी झाले, आणि विचारल्यावर खरं सांगितलं. त्याचं बक्षीस म्हणून माझ्या दारात पोलीस. ज्यानं खोटं लिहिलं त्याच्या घरी बंदूक आहे तशी. हे बघितल्यावर इथला कोण शहाणा उद्या डॉक्टरांकडं जाईल? तुम्ही माणसं बरी व्हायची वाट बंद करताय. ज्यांनी मला बरं केलं त्यांना विचारायला तुमच्या फॉर्ममध्ये जागा नाही! मला आणि त्यांना समोर बसवा आणि विचारा. तोवर मी रोज तुमच्या दारात येऊन बसणार आहे.”

कोट उठून माइककडं यायला लागले. पहिल्या रांगेतून वन्सं कडाडल्या, “अहो, थांबा की! त्यांचं व्हायचंय अजून!”

“झालं माझं,” नेमाताई म्हणाली आणि खाली उतरली.

टाळ्या पडल्या नाहीत. चार-दोन जण उठून गेले, कुणीतरी शीळ घातली. दारापाशी मंडळातला जुना सोबती भेटला, त्यानं मान फिरवली. ते मात्र तिच्या काळजाला लागलं. 

मंडळानं शिस्तभंग म्हणून तिला काढून टाकलं, आणि बसथांब्यावरचं पोस्टर त्यांनीच येऊन काढलं. ते खरवडताना सेक्रेटरींचा माणूस दुकानाकडं बघत नव्हता. वन्संनी त्याला पाणी नेऊन दिलं आणि म्हणाल्या, “कोपरा राहिलाय तुमचा.”

नेमाताईनं मात्र बोलल्याप्रमाणं केलं. सकाळची इस्त्री आटपली की ती परवाना कार्यालयात जाऊन बाहेरच्या बाकावर बसायची. बरोबर दुरुस्तीचे कपडे असायचे. तुटलेली बटणं, उसवलेले खिसे, असं काही ना काही शिवत बसायची. सुरुवातीला शिपायानं हटकलं. मग त्याच्याच शर्टाचं बटण निघालेलं तिला दिसलं आणि हटकणं बंद झालं. साहेब कमरेला पिस्तूल लावून येता-जाता बघायचे. एक दिवस न राहवून थांबले.

“बाई, रोज का येता? निर्णय झालेला आहे.”

“न विचारता झालेला आहे. विचारा, मग करा.”

“नियमात तसं बसत नाही.”

“बसवा. नियम काय आभाळातून पडलाय? तुम्हीच बसवलाय, मला इथं बाकावर बसवलंय तसा.”

इकडं दुकानात वेगळंच सुरू झालं. एका दुपारी मंडळातला एक जण आला, सगळे त्याला पैलवान म्हणायचे. दगडाच्या खाणीवर मुकादम होता. एवढा धिप्पाड गडी की काउंटरचा उजेड अडला. त्यानं खिशातून एक हातरुमाल काढून पुढं केला.

“हा धुवायचाय.”

वन्संनी रुमालाकडं बघितलं. “एवढाच? आणि तोही स्वच्छ?”

पैलवान तिथंच उभा राहिला. वन्संनी नेमाताईला हाक मारली आणि आपण आत निघून गेल्या.

“ताई,” तो काउंटरवर बोट फिरवत म्हणाला, “ते सभेत तुम्ही बोललात ना, दुपारचं.”

“हं.”

“बायको मुलांना घेऊन माहेरी गेलीय. आता येणार नाही म्हणते. मला झोप नाही. बंदूक खाटेखाली आहे. मी फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहिलंय.”

नेमाताईनं इस्त्रीचं बटण बंद केलं. “बंदूक खाटेखाली आहे म्हणजे कशासाठी? खरं सांग.”

तो काउंटरला धरून उभा राहिला. मग त्या अगडबंब माणसाचे खांदे हलायला लागले. नेमाताईनं त्याचाच रुमाल त्याच्या हातात दिला, दुकानाचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, “चल. आधी बंदूक, मग डॉक्टर. मी येते बरोबर.”

बंदूक ठेवायची कुठं हा प्रश्न आला. मंडळात न्यावी तर तिथं नेमाताईला पाऊल टाकायची बंदी, आणि पैलवानाला तिथं कारण सांगायची लाज. शेवटी दोघं बंदूक घेऊन सरळ परवाना कार्यालयात गेले आणि साहेबांच्या टेबलापुढं उभे राहिले.

“ही ठेवून घ्या,” नेमाताई म्हणाली. “आणि याचा परवाना रद्द करू नका. केलात तर यापुढं असा माणूस तुमच्याकडं येणार नाही, त्याची बातमी येईल.”

साहेबांनी पैलवानाच्या लाल डोळ्यांकडं बघितलं. बंदूक घेतली. पावतीवर कारणाच्या जागी त्यांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं आणि शेवटी लिहिलं, ‘स्वतःहून, तात्पुरती.’

पैलवानानंतर आणखी काही जण आले. कुणी एकच मोजा घेऊन, कुणी धुतलेलाच पडदा घेऊन. कुणाच्या भावाचं दुखणं, कुणाच्या मुलीचं, कुणाचं स्वतःचं. सभेत ज्यानं मान फिरवली होती तो सोबतीही आला आणि म्हणाला, “मी बरीच वर्षं गोळ्या घेतोय, नेमे. घरीही सांगितलेलं नाही.” नेमाताईनं त्याला आधी दोन शब्द सुनावले आणि मग स्टूल दिलं. वन्सं कुरकुरत, “लाँड्री आहे का दवाखाना,” आणि प्रत्येकाला चहा देत.

साहेबांनी अखेर सुनावणी लावली. नियमात बसवली का नियम वाकवला, ते त्यांनाच ठाऊक. म्हातारे डॉक्टर काठी टेकत आले. त्यांनी जे सांगायचं ते नेमाताईला विचारून, तिच्या समोर सांगितलं. मग साहेब तिच्याकडं वळले. असे प्रश्न विचारायची त्यांना सवय नव्हती, कान लाल झाले होते.

“पुन्हा तसं वाटलं तर काय कराल?”

“केलं होतं तेच. रायफल घराबाहेर, मी दवाखान्यात.” ती क्षणभर थांबली. “आणि साहेब, तुम्हाला तसं वाटलं तर तुम्ही काय कराल? तुमच्या कमरेलाही पिस्तूल आहे. तुम्हाला कोण विचारतं?”

साहेबांनी एकदा कमरेकडं बघितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फाइल पुढं ओढली आणि परवाना मंजूर केला. मग कपाळावर हात मारला.

“एक अडचण आहे. स्पर्धेच्या रायफलीचा परवाना मान्यताप्राप्त संस्थेच्या सदस्यालाच मिळतो. तुम्हाला तर मंडळानं काढलंय.”

नेमाताई हसायलाच लागली. इतकी, की म्हाताऱ्या डॉक्टरांनाही हसू आवरेना. “म्हणजे डोकं ठीक आहे, पण उभं राहायला जागा नाही,” ती म्हणाली. “बरं. संस्था काढायला काय लागतं ते सांगा.”

सेक्रेटरींनी दोन वेळा लेखी हरकत घेतली. कोटांनी राजधानीतून फोन करून बघितला, आधी गोडीनं, मग दमात. त्या फोनवर वन्सं होत्या, तेव्हा पुढं काय झालं ते सांगायला नको. पैलवानानं खाणीच्या मालकाला गळ घातली आणि डोंगराच्या कुशीतली एक जुनी, काम बंद पडलेली खाण मिळवली. तीन बाजूंनी उभा खडक होता, गोळी जाणार कुठं? अधिकारी येऊन पाहून गेले, मातीचा बांध घालायला लावला. पैलवान तो बांध घालताना रात्री झोप लागायला लागल्याचं सांगायचा. त्याची बंदूक अजून साहेबांच्याच तिजोरीत होती. “घाई नाही,” तो म्हणायचा.

नव्या संस्थेचा एक नियम नेमाताईनं स्वतः तोंडी सांगून लिहून घेतला. कुणाही सदस्यानं आपली बंदूक केव्हाही संस्थेच्या तिजोरीत आणून ठेवावी. त्याला कुणी कारण विचारणार नाही, पण चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. आणि डॉक्टरांच्या फॉर्मवर काय लिहायचं ते संस्था कुणालाही शिकवणार नाही.

गावात सेक्रेटरींनी नव्या संस्थेचं नाव ‘वेड्यांचं मंडळ’ पाडलं. पैलवान चिडला, जाऊन बोलतो म्हणाला.

“कशाला?” नेमाताई म्हणाली. “पाटी रंगवायचीच आहे. हेच घाल.”

“खरंच?”

“मग काय! लपवायला आता राहिलंय काय आपलं?”

पाटी रंगवली गेली. पहिल्या दिवशी खाणीत वारा होता, आणि त्या बंद जागेत तो गोल गोल फिरत होता. रायफल बरेच महिने सरकारी तिजोरीत पडून होती, आणि नेमाताईच्या हातांना इस्त्रीशिवाय दुसऱ्या कशाची सवय राहिली नव्हती. ती चटईवर पालथी पडली, गाल लाकडाला लावला, दहा गोळ्या मारल्या. पैलवान पळत जाऊन टार्गेटचा कागद घेऊन आला आणि तो देताना त्याची नजर खाली होती. भोकं कागदभर विखुरली होती. एक तर कागदाच्या पार कडेला.

“वाऱ्यामुळं झालं असेल,” तो म्हणाला.

“वाऱ्यामुळं काही नाही. वाईट मारलंय मी,” नेमाताई म्हणाली. “दुसरा कागद लाव.”

वन्संनी थर्मासातला चहा पुढं केला. तिनं तो नंतर म्हणून बाजूला ठेवायला सांगितला, कोपर मातीत घट्ट रोवलं आणि रायफल पुन्हा खांद्याला लावली.